धागा: खानापूर शाखेतल्या एकाच पीसीला ग्रुप पॉलिसी लागत नाही, बाकी सगळे ठीक

तिसरं गेट · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बेळगावातल्या एका पतसंस्थेत संगणकाचं काम मी एकटाच बघतो. मुख्य कार्यालय टिळकवाडीत, डोमेन कंट्रोलर (सगळ्या पीसींचं लॉगिन आणि नियम सांभाळणारा सर्व्हर) तिथंच, आणि शाखा व्हीपीएनवरून (इंटरनेटवरच्या खासगी जोडणीवरून) जोडलेल्या. पेनड्राईव्ह बंद, दहा मिनिटांनी स्क्रीन लॉक, सगळ्यांना सामाईक एस ड्राईव्ह, एवढ्याच ग्रुप पॉलिसी, म्हणजे सर्व्हरवरून पीसींना लागणारे नियम. तीन वर्षं बिनतक्रार चालल्यात.

परवा खानापूर शाखेतून काउंटरवरच्या मॅडमचा फोन आला. "अहो, पेनड्राईव्ह बंद केलाय म्हणाला होतात न्हवं? एका खातेदारानं पॅनकार्डाची फाईल पेनड्राईव्हवर आणली होती, मी नुसता लावून बघितला तर उघडला की ओ." मला घामच फुटला. त्याच पीसीवरून ठेवीदारांची खाती उघडतात.

माहिती अशी. विंडोज १० प्रो. पंधरवड्यापूर्वी याची हार्डडिस्क गेली. बेळगावला आणून एसएसडी घातली, विंडोज नव्यानं टाकलं, डोमेनला जोडला. मॅडम त्या दिवशी मीटिंगला इथंच होत्या, त्यांनी माझ्या टेबलावरच लॉगिन करून बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी पीसी खानापूरला गेला. तिथं लॉगिन होतं, बँकिंगचं सॉफ्टवेअर ब्राउझरमधून चालतं, छपाई होते. फक्त पॉलिसी नाही. रिमोटवरून जीपीअपडेट /फोर्स (पॉलिसी ताज्या करायची कमांड) तीनदा मारलं. प्रत्येक वेळी खूप वेळ घेऊन "अपडेट करता आलं नाही" असं येतं. शाखेतले बाकीचे चार पीसी व्यवस्थित आहेत.

पुढच्या सोमवारी ऑडिट आहे. कुठून सुरुवात करू?

गणपत गल्ली · सोमवार, रात्री ९:५८

दादा, रजिस्ट्रीत जाऊन यूएसबी स्टोरेजचा स्टार्ट आकडा ३ चा ४ करा. दोन मिनिटांत पेनड्राईव्ह बंद. आमच्या दुकानात आम्ही हेच करतो.

उद्यमबाग · सोमवार, रात्री १०:२०

गणपत गल्ली, पेनड्राईव्ह बंद होईल, खरं आहे. पण स्क्रीन लॉक तसाच राहील, एस ड्राईव्ह येणार नाही, आणि उद्या पॉलिसीत नवीन काही घातलं तर तेही त्या पीसीपर्यंत पोचणार नाही. वर हातानं केलेला बदल सहा महिन्यांनी कुणाच्या लक्षात राहत नाही. आज रात्रीपुरतं करायचं असेल तर करा, पण कागदावर लिहून ठेवा.

तिसरं गेट, आता मूळ प्रश्न. पॉलिसी लागत नाही असं आपण एका दमात म्हणतो, पण त्यात दोन वेगळे आजार असतात. एक, पीसी डोमेन कंट्रोलरपर्यंत पोचतच नाही, म्हणून पॉलिसी वाचत नाही. दोन, पोचतो, वाचतो, पण "ही माझ्यासाठी नाही" म्हणून सोडून देतो. जीपीअपडेटच फसतंय म्हणजे तुमचा आजार सध्या पहिला आहे. दुसरा त्याच्यामागं लपलेला असू शकतो, पण तो आत्ता दिसणार नाही.

तीन गोष्टी इथं टाका. आयपीकॉन्फिग /ऑल मध्ये डीएनएस सर्व्हरच्या (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरच्या) ओळीत काय आहे. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टीम लॉगमध्ये ग्रुप पॉलिसीच्या नावानं कुठला नंबर येतोय: १०५४, १०५८ की ११२९. आणि जीपीरिझल्ट /आर (कुठल्या पॉलिसी लागल्या ते दाखवणारी कमांड) मध्ये पॉलिसी शेवटची कधी लागली, ती तारीख.

जीपीरिझल्ट ॲडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमधून चालवा. साध्या प्रॉम्प्टमध्ये फक्त युजरचा भाग दिसतो, कॉम्प्युटरचा दिसतच नाही, आणि माणसाला वाटतं तिथं काहीच नाही. तुमच्या ॲडमिन पासवर्डनं प्रॉम्प्ट उघडलात तर मॅडमच्या नावाची माहिती येणार नाही, त्यासाठी /युजर लावून त्यांचं लॉगिन नाव द्यावं लागतं.

घटप्रभा काठ · मंगळवार, सकाळी ७:१५

घड्याळ बघितलं का? आमच्या साखर कारखान्याच्या गेटवरच्या वजनकाट्याच्या पीसीला गेल्या पावसाळ्यात असंच झालं होतं. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल, सीआर२०३२, संपलेला. लाईट गेली की घड्याळ मागं जायचं. डोमेनची ओळखपाळख कर्बेरॉसवर चालते, आणि पीसीच्या आणि सर्व्हरच्या घड्याळात ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की ती ओळखच देत नाही. पन्नासएक रुपयांचा सेल बदलला आणि बंद झालं.

तिसरं गेट · मंगळवार, सकाळी ११:०५

सगळ्यांचे आभार. आज सकाळी मॅडमना फोनवर धरून सगळं काढलं.

घड्याळ: सर्व्हरपेक्षा दोन मिनिटं मागं. ५ च्या आत आहे.
इव्हेंट: १०५४. दर दीड-दोन तासांनी एक, नऊ दिवसांपासून.
पॉलिसी शेवटची कधी लागली: नऊ दिवसांपूर्वी, दुपारी ४ वाजून काही मिनिटं. म्हणजे पीसी माझ्या टेबलावर होता तेव्हा!
डीएनएस: पहिला शाखेच्या राउटरचा पत्ता, दुसरा ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस).
पीसीचं नाव: डेस्कटॉप-, आणि पुढं विंडोजनं दिलेली सात अक्षरं.

उरलेल्या चार पीसींना मी पूर्वी हातानं पत्ते दिलेत, त्यांत डीएनएस म्हणून डोमेन कंट्रोलरच आहे. हा नव्यानं भरल्यापासून ऑटोमॅटिकवर आहे, त्यामुळं राउटर देईल ते घेतो.

उद्यमबाग · मंगळवार, दुपारी १:३०

मग सापडलं. १०५४ म्हणजे पीसीला डोमेन कंट्रोलरचं नावच मिळत नाही.

डोमेनमधला पीसी सर्व्हरला पत्त्यानं शोधत नाही. तो डीएनएसला विचारतो, "या डोमेनचा कंट्रोलर कोण आहे?" त्याचं उत्तर तुमच्या टिळकवाडीच्या सर्व्हरवरच्या डीएनएसलाच माहीत. राउटर किंवा ८.८.८.८ ला तुमच्या डोमेनचं नाव कुठून कळणार? ते "असं कुणी नाही" म्हणून सांगतात आणि पीसी गप्प बसतो. पिंग मात्र जातो, कारण पिंगला तुम्ही आकडे देता. म्हणून नेटवर्क ठीक आहे असं वाटत राहतं.

मग लॉगिन कसं होतं, हा प्रश्न पडला असेल. मॅडमनी तुमच्या टेबलावर एकदा लॉगिन केलं होतं. विंडोज ती खूण जपून ठेवतं आणि सर्व्हर नसला तरी त्या खुणेवर आत घेतं. तेव्हा त्यांनी लॉगिन केलं नसतं तर खानापुरात पहिल्याच सकाळी दार बंद मिळालं असतं आणि तुम्हाला नऊ दिवस आधी कळलं असतं.

डीएनएसमध्ये डोमेन कंट्रोलरचा पत्ता घाला. ८.८.८.८ पूर्ण काढा, दुसऱ्या नंबरलासुद्धा ठेवू नका. पहिल्यानं उत्तर द्यायला जरा उशीर केला की विंडोज दुसऱ्याकडं जातं, आणि त्या दुसऱ्याचं "असं कुणी नाही" हेच खरं धरतं. मग कधी चालतं, कधी चालत नाही, आणि तो आजार याहून वाईट. बाहेरच्या वेबसाइटसाठी सर्व्हरवरच्या डीएनएसमध्ये फॉरवर्डर लावा. पीसीनं सर्व्हरला विचारायचं, सर्व्हरनं बाहेर.

तवंदी घाट · मंगळवार, दुपारी २:१०

उद्यमबाग अण्णा म्हणतात ते शंभर टक्के बरोबर, पण खानापूरचा पाऊस विसरू नका. मी निपाणी-चिकोडीकडच्या शाखा बघतो आणि पावसाळ्यात खानापूरकडंही जातो. जुलैत लाईन पडली, व्हीपीएन गेला, की डीएनएसही गेला. मग इंटरनेट चालू असून शाखेत एकही साइट उघडत नाही, आणि शाखेतून फोन येतो, "नेट बंद आहे."

त्यावर काही राउटरमध्ये सोय असते. तुमच्या डोमेनच्या नावानं येणारे प्रश्न तेवढे मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरकडं पाठवायचे, बाकी सगळे बाहेर. तसं केलं की पीसीला डीएनएस म्हणून राउटरच दिलेला चालतो आणि प्रत्येक पीसीला हातानं पत्ता घालत बसावं लागत नाही. तुमच्या राउटरला हे जमत असेल तर आधी हे करा. हातानं घातलेले पत्ते पीसी नव्यानं भरला की पुसले जातात. आत्ता तेच झालंय.

उद्यमबाग · मंगळवार, दुपारी २:२५

मान्य. राउटरला जमत असेल तर तवंदी घाटांचीच पद्धत चांगली. मी कारखान्याच्या एकाच आवारात काम करतो, त्यामुळं व्हीपीएन पडण्याचा विचार माझ्या डोक्यात येत नाही.

तिसरं गेट · मंगळवार, संध्याकाळी ६:५०

राउटरमध्ये ती सोय निघाली. डोमेनचं नाव टिळकवाडीला, बाकी बाहेर. पीसीत डीएनएसचा साठा पुसला आणि जीपीअपडेट मारलं, वीस सेकंदांत "यशस्वी". १०५४ थांबला.

पण पेनड्राईव्ह अजून उघडतोय! स्क्रीनही लॉक होत नाही. रीस्टार्ट दोनदा करून झालं.

मलप्रभा · मंगळवार, रात्री ८:३०

मी खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षणसंस्थेची संगणक लॅब सांभाळते. आमचं डोमेन लहान आहे, पण हा खड्डा मी स्वतः पाहिलाय म्हणून लिहिते.

तुमच्या पीसीचं नाव वाचलं तेव्हाच शंका आली होती. जुन्या पीसीचं नाव काय होतं? नव्या नावानं जोडला असेल तर डोमेनच्या लेखी तो नवा पीसी आहे. आपल्यासाठी टेबल तेच, डबा तोच, मॅडम त्याच. डोमेनला यातलं काही माहीत नसतं. त्याच्याकडं फक्त एक नवीन खातं आलंय, आणि नवीन आलेलं प्रत्येक कॉम्प्युटर खातं आपोआप "कॉम्प्युटर्स" नावाच्या कप्प्यात पडतं. तो कप्पा साधा आहे, ओयू (पॉलिसी जोडता येणारा कप्पा) नाही. त्याला पॉलिसी जोडताच येत नाही.

तुमची पेनड्राईव्हची पॉलिसी शाखांच्या ओयूला जोडलेली असणार. जीपीरिझल्टच्या कॉम्प्युटरच्या भागात अगदी वर पीसीचा पूर्ण पत्ता येतो, सीएन, ओयू, डीसी असा. त्यात ओयू दिसतो का बघा. आणि लागलेल्या पॉलिसींच्या यादीत एकटी डिफॉल्ट डोमेन पॉलिसी असेल, तर हेच झालंय.

तिसरं गेट · मंगळवार, रात्री ९:१५

ताई, अगदी तेच. यादीत एकटी डिफॉल्ट डोमेन पॉलिसी. पत्त्यात ओयू नाही. जुनं नाव खाना-०३ होतं. ते खातं अजून शाखा ओयूमध्ये ऐटीत बसलंय आणि नवा पीसी बाहेर.

जुनंच नाव ठेवलं नाही ही माझी चूक. त्या दिवशी मीटिंग संपायच्या आत पीसी द्यायचा होता. आता हलवतो, सकाळी शाखा उघडल्यावर रीस्टार्ट करायला सांगतो.

गणपत गल्ली · मंगळवार, रात्री ९:२२

मला हे ओयू प्रकरण आज पहिल्यांदा नीट कळलं. कुठली पॉलिसी वरचढ ठरते, हेही कुणी सांगाल का?

मलप्रभा · मंगळवार, रात्री ९:४०

आधी पीसीतली स्वतःची, मग साइटची, मग डोमेनची, शेवटी ओयूची. एकाच सेटिंगवर दोघी वेगळं बोलल्या तर नंतर आलेली टिकते, म्हणजे पीसीच्या सर्वांत जवळच्या ओयूची. वरच्या पॉलिसीवर एन्फोर्स्ड लावलं असेल तर मात्र खालचीला ती ओलांडता येत नाही.

तिसरं गेट · बुधवार, सकाळी १०:४०

ओयूत हलवला. मॅडमनी पेनड्राईव्ह लावून बघितला आणि ॲक्सेस डिनाइडची खिडकी आल्याबरोबर मला फोन केला. एवढ्या आनंदानं तो संदेश वाचून दाखवताना मी कुणाला ऐकलेलं नाही.

पण दहा मिनिटं थांबलो तरी स्क्रीन लॉक नाही. एस ड्राईव्हही नाही. या दोन्ही सेटिंग युजरच्या बाजूच्या आहेत आणि दोन्ही एकाच पॉलिसीत आहेत. मॅडमचं खातं जुनंच, ओयू जुनाच. त्याच मॅडम शेजारच्या पीसीवर बसल्या की लॉकही होतं आणि ड्राईव्हही येतो. म्हणजे माणूस बरोबर, पॉलिसी बरोबर. आता मात्र डोकं चालेना.

घटप्रभा काठ · बुधवार, सकाळी ११:००

ड्राईव्ह कधीकधी दुसऱ्या लॉगिनला येतो. विंडोज नेटवर्कची वाट न बघता आत घेतं, म्हणून काही गोष्टी एक लॉगिन उशिरा लागतात. "ऑलवेज वेट फॉर द नेटवर्क" असं एक सेटिंग आहे, ते चालू करून बघा.

तिसरं गेट · बुधवार, सकाळी ११:४५

केलं. तीनदा लॉगऑफ-लॉगिन झालं, फरक नाही. मॅडमच्या काउंटरला आता गर्दी आहे, दुपारी जेवणाच्या सुट्टीतच पुढचं.

उद्यमबाग · बुधवार, दुपारी १२:१०

/आर पुरे, आता जीपीरिझल्ट /एच लावून एचटीएमएल फाईल काढा. युजरच्या भागात नाकारलेल्या पॉलिसींची यादी असते. तुमच्या पॉलिसीचं नाव त्यात आहे का, आणि पुढं कारण काय लिहिलंय ते टाका.

तिसरं गेट · बुधवार, दुपारी २:३५

काढली. पॉलिसीचं नावच नाही. त्या जागी महिरपी कंसात लांबलचक आकडे-अक्षरं आहेत, आणि कारणात "इनॲक्सेसिबल".

उद्यमबाग · बुधवार, दुपारी ३:२०

हे जून २०१६ चं प्रकरण. माझी यानं तेव्हा एक अख्खी रात्र खाल्ली होती, म्हणून सविस्तर लिहितो.

त्याआधी युजरच्या पॉलिसी युजरच्या ओळखीनं वाचल्या जायच्या. जून २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं सुरक्षेचा एक अपडेट आणला, एमएस१६-०७२. वाटेत कुणी पॉलिसीत ढवळाढवळ करू नये म्हणून तेव्हापासून युजरची पॉलिसीसुद्धा कॉम्प्युटरच्या ओळखीनं वाचली जाते. लागते युजरला, पण वाचतो कॉम्प्युटर. त्यामुळं पॉलिसी वाचण्याची परवानगी कॉम्प्युटरलाही लागते.

एरवी ही अडचण येत नाही, कारण सिक्युरिटी फिल्टरिंगमध्ये (पॉलिसी कुणाला लागायची त्या यादीत) ऑथेंटिकेटेड युजर्स, म्हणजे डोमेननं ओळखलेले सगळे, असतात आणि त्यात कॉम्प्युटरही येतात. पण पॉलिसी ठरावीक कर्मचाऱ्यांनाच लागावी म्हणून आपण ते काढतो आणि आपला ग्रुप घालतो. तिथंच कॉम्प्युटरची परवानगी जाते. आणि परवानगी नसली की पीसीला पॉलिसीचं नावसुद्धा वाचता येत नाही, म्हणून तुम्हाला नावाऐवजी आकडे दिसताहेत.

आता एकच कोडं: बाकीच्या चार पीसींना ती वाचता कशी येते? तुमच्या पॉलिसीच्या डेलिगेशन टॅबमध्ये (पॉलिसीवर कुणाला कुठली परवानगी आहे ते तिथं असतं) कोण कोण आहे ते बघा. कुणीतरी तेव्हा त्यांना वेगळी परवानगी दिलेली असणार.

तिसरं गेट · बुधवार, संध्याकाळी ५:०५

बघितलं. फिल्टरिंगमध्ये "काउंटर कर्मचारी" ग्रुप. डेलिगेशनमध्ये "शाखा संगणक" नावाचा ग्रुप, फक्त रीडची परवानगी. माझ्या आधीच्या गृहस्थांनी केलेला. उघडला तर त्यात खाना-०१ पासून सगळी जुनी नावं ओळीनं, आणि खाना-०३ सुद्धा. डेस्कटॉप-वाला अर्थातच नाही.

ताईंनी काल लिहिलं होतं तेच परत. पीसी तोच, पण डोमेनसाठी नवा. ओयूत मी त्याला हलवलं, पण ग्रुपमध्ये कोण घालणार? तो ग्रुप आहे हेच मला ठाऊक नव्हतं. आत्ता लगेच घालतो.

तवंदी घाट · बुधवार, संध्याकाळी ५:२०

थांबा, ग्रुपमध्ये घालू नका. म्हणजे घातलं तर चालेल, पण रीस्टार्टशिवाय पीसीला कळणार नाही, कारण आपण कुठल्या ग्रुपात आहोत हे कॉम्प्युटर सुरू होतानाच ठरवतो. आणि पुढच्या वेळी हार्डडिस्क गेली की हीच वाट परत चालायची.

त्यापेक्षा डेलिगेशनमध्ये "डोमेन कॉम्प्युटर्स" ला रीड द्या. डोमेनला जोडलेला प्रत्येक पीसी त्या ग्रुपात आपोआप येतो. फक्त रीड द्या, अप्लाय देऊ नका. पॉलिसी कुणाला लागायची ते "काउंटर कर्मचारी" ठरवू दे.

तिसरं गेट · बुधवार, संध्याकाळी ६:३०

मॅडम घरी जायच्या तयारीत होत्या, तरी माझ्यासाठी पाच मिनिटं थांबल्या. डोमेन कॉम्प्युटर्सला रीड दिलं, त्यांनी लॉगऑफ करून परत लॉगिन केलं. "एस आला ओ." मग आम्ही दोघं फोन चालू ठेवून लॉक व्हायची वाट बघत बसलो. बाहेर पावसाचा आवाज येत होता. दहा मिनिटांनी स्क्रीन लॉक झाली आणि त्यांनी विचारलं, "आता मी छत्री घेऊन निघू का?"

उद्यमबाग अण्णा, ताई, तवंदी घाट, घटप्रभा, गणपत गल्ली, तुम्ही सगळ्यांनी आपापल्या कामातून वेळ काढून एकट्या माणसाला तीन दिवस धरून ठेवलंत. मनापासून आभार.

मलप्रभा · बुधवार, रात्री ८:१०

फार बरं वाटलं. दोन कामं राहिलीत ती ऑडिटच्या आधी करून घ्या. पीसीला खाना-०३ हे नाव परत द्यायचं असेल तर आधी जुनं खातं काढावं लागेल, दोन खाती एका नावानं राहत नाहीत. आणि रेडिरसीएमपी नावाची कमांड बघा. तिनं नवीन पीसी कॉम्प्युटर्सच्या कप्प्याऐवजी तुम्ही सांगाल त्या ओयूत पडतात. आम्ही "नवे आलेले" नावाचा ओयू केलाय आणि पेनड्राईव्हची बंदी त्यालाही जोडलीय.

तिसरं गेट · गुरुवार, सकाळी १०:२५

दोन्ही केली. जुनं खातं काढलं, पीसी परत खाना-०३ झाला, रीस्टार्टनंतर तिन्ही पॉलिसी लागल्या. "नवे आलेले" ओयूही केला. त्याच ओघात बाकीच्या शाखांचे पीसी तपासले. एका शाखेत एक डेस्कटॉप-वाला सापडला, दीड वर्षापासून कॉम्प्युटर्सच्या कप्प्यात. त्याचंही आज दुपारीच बघतो.